आमची वाटचाल : विरजण खडकात असतं

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही ‘काच, आरसे, फोटो फ्रेम’ एवढंच लिहिलंय. माशांचं नाव नाही. अण्णांनी ठाण्यात हा गाळा घेतला तेव्हा खिडक्यांच्या काचा बसवणं हे मुख्य काम होतं, लग्नसराईत फ्रेमा, आणि माशांच्या टाक्या हा मधल्या वेळचा उद्योग. तेव्हाची टाकी म्हणजे लोखंडी अँगलची चौकट आणि तिच्यात लांबी (पुट्टी) लावून बसवलेल्या काचा. गोड्या पाण्याला ती वर्षानुवर्षं पुरायची. कुणी हौसेनं खारं पाणी भरलं की मात्र अँगल गंजून फुगायचा, काच तडकायची आणि गिऱ्हाईक अण्णांशी भांडायला यायचं. पुढे सिलिकॉन मिळायला लागलं आणि चौकटच गेली. अण्णांना ते पटायला वेळ लागला. “डिंकानं चिकटवलेल्या पेटीत पाणी भरायचं?” मग एकदा त्यांनी स्वतःच जोडलेली काच उपटून बघितली. काच फुटली, सांधा सुटला नाही. त्या दिवसापासून नव्या टाकीच्या प्रत्येक सांध्यावरून ते अंगठा फिरवतात, आत बुडबुडा राहिलाय का बघायला. आता वय ऐंशीच्या घरात आहे, अंगठा चालू आहे.

थोरला भाऊ काच कापतो, मी टाकीच्या आतलं बघतो, आणि वहिनी पाणी तपासते. ती रसायनशास्त्राची पदवीधर. लग्न होऊन आली तेव्हा त्या पदवीचा काचेच्या दुकानाला काय उपयोग, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. आज दुकान तिच्या वहीवर चालतं. ती वही का सुरू झाली ते सांगायला हवं.

२०११ चा मे महिना. नौपाड्यातलं एक घर. चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी काढून सहा फुटी बसवायची होती. आम्ही तोवर रीफची, म्हणजे प्रवाळांसकट खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची, सात-आठ कामं केली होती, त्यामुळे अंगात रग होती. सकाळी नवी टाकी लावली, दुपारी जुनीतलं सगळं काढून नवीत घातलं : पाणी, खडक, मासे आणि खालची वाळूसुद्धा. चार वर्षं न हललेली वाळू. तसराळ्यानं उपसताना खाली काळा थर दिसला, सडक्या अंड्यासारखा वास आला. मालकीणबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, “हे असंच असतं का?” मी म्हटलं, “हो, जुनी वाळू आहे, धुतली तर तिच्यातले चांगले जीवाणू जातील.” रात्री दहाला घरी आलो. सकाळी सहाला फोन. अकरातले नऊ मासे गेले होते.

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा होता. वाळूत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे तो साठतो. जोवर वाळू हलत नाही तोवर कुणाला त्रास नाही. आम्ही ती हलवली, वर चार वर्षांची साठलेली घाण पाण्यात मिसळली, आणि अमोनिया रातोरात चढला. गिऱ्हाईक एका शब्दानं बोललं नाही. “टाकी घेऊन जा” एवढंच. पैसे आम्ही तीन हप्त्यांत परत केले. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वहिनीनं तिसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर त्या नऊ माशांची नावं लिहिली. तेव्हापासून आमच्या हातून मेलेला प्रत्येक जीव तिच्यात नोंदला जातो, तारीख आणि कारणासकट. कारण कळलं नाही तर तसं लिहायचं. ‘वय झालं होतं’ असं लिहायला बंदी आहे.

आमचा जो गैरसमज होता तो आजही निम्म्या गिऱ्हाइकांचा असतो : जुनं पाणी म्हणजे विरजण, ते घातलं की नवी टाकी लागली. माशांच्या मलमूत्रातून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट बऱ्यापैकी सोसवतं. पण हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते पृष्ठभागाला धरून राहतात, खडकाच्या छिद्राछिद्रांत. विरजण पाण्यात नसतं, खडकात असतं. हे कळल्यावर आमच्या कामाची सगळी रीतच बदलली.

खडकावरून कायद्याचं सांगून टाकतो, कारण दर आठवड्याला एक तरी फोन त्यासाठी येतो. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंक्तीत. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून कुणी फांद्याफांद्यांच्या प्रवाळाची मागणी केली तर आमचं उत्तर एकच असतं. समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ही बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा असतो, म्हणून तोही नाही. आम्ही भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे सच्छिद्र खडक वापरतो आणि कागदपत्रांसह आलेली मऊ प्रवाळं ठेवतो : मशरूम, झोअँथिड, लेदर. गिऱ्हाईक थोडं हिरमुसतं. मधे २०१७ च्या मे महिन्यात केंद्रानं मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले, त्यात १५८ जातींवर बंदीची यादी होती आणि विदूषक मासाही तिच्यात होता. पुढे ते नियम मागे घेतले गेले, पण मधले महिने आम्ही फोटो फ्रेमांवर काढले. पाटी बदलली नाही ते बरंच झालं.

२०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी-हाजी अलीच्या किनाऱ्यावरच्या १८ प्रवाळ वसाहती दुसरीकडे हलवल्या, तेव्हा ती बातमी मी कापून वहीत लावली. लॉकडाऊनचं वर्ष, काम बंद, गिऱ्हाइकांना व्हिडिओ कॉलवरून मीठ मोजायला शिकवत होतो आम्ही. वहिनी म्हणाली, “बघा, एवढ्या मोठ्या समुद्रालासुद्धा जागा बदलताना परवानगी लागते, आणि तुम्ही एका दुपारी उरकत होतात.”

आता अलीकडचं काम. पाचपाखाडीतल्या एक काकू, शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा कॅनडाला गेला आणि जाताना तीन फुटी रीफ टाकी यांच्या गळ्यात मारून गेला. सहा वर्षांत काकूंनी ती त्याच्यापेक्षा चांगली राखली. आता घोडबंदरला सतराव्या मजल्यावर घर घेतलंय आणि तिथे सहा फूट बाय दोन बाय दोन हवी होती.

आधी आम्ही टाकीचं नाही, जमिनीचं बघतो. या मापाच्या टाकीत, खालच्या कपाटातला संप (पाणी गाळायची टाकी) धरून, साडेसहाशे लिटरच्या वर पाणी राहतं. पाणी, बारा मिलिमीटर काच, खडक, वाळू, स्टँड मिळून टनभर वजन बारा चौरस फुटांवर येतं. घरांचा स्लॅब साधारणतः चौरस मीटरला दोनशे किलो धरून आखतात. म्हणून टाकी भिंतीलगत, बीमच्या वर, आणि सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र हातात घेऊनच. काकूंना ती हॉलच्या मधोमध हवी होती. मिळाली नाही. आठवडाभर रुसल्या होत्या.

जोडलेली टाकी लिफ्टमध्ये आडवी जात नाही, आणि उभी करायला अण्णांचा सक्त विरोध. ‘आडवी जन्मली ती आडवीच राहील.’ सुट्ट्या काचा सर्व्हिस लिफ्टनं वर नेल्या आणि भावानं हॉलमध्येच जोडल्या. घरभर व्हिनेगरसारखा वास. सिलिकॉन सुकताना तो येतोच. सात दिवस हात लावायचा नाही, मग साध्या पाण्यानं भरून दोन दिवस खाली वर्तमानपत्र पसरून ठेवायचं. एक थेंब पडला तरी कागद सांगतो.

मग पाणी. “समुद्र इतका जवळ आहे, तिथूनच नाही का आणता येत?” हा प्रश्न काकूंनीही विचारला. पावसात किनाऱ्याचं पाणी पातळ होतं, आणि त्यात शहराचं काय काय येतं ते सांगायची सोय नाही. आम्ही आरओ आणि डीआय या गाळण्यांतून पाणी काढतो, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य येईपर्यंत. एवढं पाणी जमायला तीन दिवस लागले. वाया जाणारं पाणी काकूंनी लादी पुसायला आणि कुंड्यांना वापरलं. लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबानं जवळजवळ चोवीस किलो मीठ गेलं. हे मीठ वाण्याकडचं नव्हे, कॅल्शियम-मॅग्नेशियमसकट समुद्राच्या मापानं बनवलेलं.

त्यानंतर पाच आठवडे टाकी रिकामी. पंप चालू, चिलर २५ अंशांवर, खडक आत, मासा एकही नाही. जीवाणूंना खाद्य म्हणून रोज थोडा अमोनियम क्लोराइड. गृहप्रवेशाला आलेले पाहुणे रिकाम्या टाकीसमोर उभे राहून काकूंकडे बघायचे. त्या मला फोन करायच्या, “अहो, लोक विचारतायत मासे कधी दिसणार?” याच काळात नव्या टाकीतले काही खडक आम्ही पाचपाखाडीच्या जुन्या संपमध्ये विरजायला ठेवले होते. तिथेच कळलं की जुन्या टाकीचं पाणी १.०२८ घनतेचं, म्हणजे हवं त्याहून खारट आहे. काकू अधूनमधून उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी भरत होत्या. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. तीन आठवडे रोज थोडं थोडं गोडं पाणी घालून आम्ही ते १.०२५ वर आणलं, म्हणजे दोन्ही घरांचं पाणी एक झालं. लांबून विमानानं आलेल्या माशाची गोष्ट वेगळी. त्याच्या पिशवीत कर्बवायू साठून पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, त्यामुळे अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडून तासन्‌तास थेंब थेंब पाणी घालत बसलात तर तोच अमोनिया विष होतो. तिथे घनता आधीच जुळवून पटकन सोडायचं. पण काकूंचे मासे पंचवीस मिनिटांवरून येणार होते.

हलवायचा दिवस रविवार, पहाटे पाच. वाळू ढवळण्याआधी वरचं निम्मं स्वच्छ पाणी खाद्यपदार्थांसाठीच्या (फूड-ग्रेड) ड्रममध्ये. मग प्रवाळं पाण्यासकट टबांत. झोअँथिडला हात लावताना हातमोजे आणि चष्मा, यात सूट नाही. काहींच्यात पॅलिटॉक्सिन असतं, आणि ते खडक उकळून ‘साफ’ करायला गेलेले लोक घरादारासकट दवाखान्यात गेल्याचे प्रकार परदेशात घडलेत. खडक काढल्यावर पाणी वीतभर उरलं की मगच मासे धरायचे. आधी जाळं घेऊन धावलं तर तेही दमतात आणि आपणही. प्रत्येकाला वेगळी झाकणाची बादली, बॅटरीचा हवापंप. वाळू जागेवरच राहिली. काकू म्हणाल्या, “एवढी चांगली वाळू टाकून देणार?” मी त्यांना २०११ सांगितलं.

घोडबंदरला आत सोडण्याचाही क्रम असतो. आधी गोगलगायी, मग प्रवाळं, तीही तळाशी, कारण नवा दिवा जुन्याच्या दुप्पट प्रखर. तो तीस टक्क्यांवर ठेवला, दर आठवड्याला थोडा वाढवायचा. मग लाजाळू गोबी. मग विदूषक माशांची जोडी, जिला काकू सहा वर्षं ‘सासू-सून’ म्हणत होत्या. ती सासू नाही, बायको आहे, आणि लहान तो नवरा. विदूषकांत मोठी मादी असते आणि ती गेली तर नवराच मादी होतो, हे सांगितल्यावर काकू बराच वेळ टाकीकडे बघत राहिल्या. “म्हणजे मी उगीच सुनेची बाजू घेत होते.” सगळ्यात शेवटी निळा डॅमसेल. तो जुन्या घरात गल्लीचा दादा होता. आधी सोडला असता तर सहा फूट एकट्याच्या नावावर करून बसला असता.

पंधरवड्यात वाळूवर तपकिरी थर आला. येतोच. काकूंचा फोन आला, त्यांना मी काही करू नका म्हणालो, त्यांनी रुमालानं काच पुसली, तेवढं चालतं. अण्णांना त्याच सुमारास घेऊन गेलो होतो. ते माशांकडे बघत नाहीत. डाव्या कोपऱ्यातल्या सांध्यावर अंगठा थांबला, भावाकडे बघितलं आणि काही न बोलता पुढे सरकला. भाऊ परतीच्या गाडीत मला म्हणाला, तिथे मोहरीएवढा बुडबुडा आहे, त्यालाही माहीत होता.

वहिनीच्या वहीतलं त्या टाकीचं पान असं आहे : पहिला दिवस, अमोनिया शून्य. तिसरा, शून्य. सातवा, शून्य, नायट्राइटही शून्य. नववा, एक लेदर मिटलेलं. बारावा, उघडलं. चौदावा, एक गोगलगाय उलटी पडली होती, सरळ केली.