24 तारखेला फाटक बंद: व्हॅनमधला आमचा नाताळ

24 डिसेंबरला दुपारी पावणेचारला आम्ही कॅम्पसाइटच्या फाटकाशी पोचलो, तर फाटकाला कुलूप. मोबाइलवर बुकिंगचा मेल उघडलेला, दोन्ही पोरं येशूजन्माच्या गोठ्याचा खोका मांडीवर घेऊन मागे बसलेली, आणि समोर चिठ्ठी: आज ऑफिस एकपर्यंतच. आत चार गाड्या दिसत होत्या, एका तंबूतून धूरही निघत होता, पण फाटकाचा कोड आमच्याकडे नव्हता. फोन नुसताच वाजत राहिला.

चूक आमचीच. गाडीतच राहणाऱ्यांनी 24 तारखेला हलूच नये. 22-23 ला मुक्कामी पोचा आणि 27 पर्यंत तिथून उठू नका. बुकिंग केलं तरी आधी फोन करून विचारा: ऑफिस किती वाजेपर्यंत, उशीर झाला तर आत कसं यायचं, आणि पाण्याचा नळ चालू आहे ना. पाइप गोठून फुटतात म्हणून हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी नळ बंद ठेवतात. पाणी, डिझेल, गॅस आणि चार दिवसांचा शिधा 23 लाच भरून घ्या. सणाच्या दिवशी काय उघडं असेल याचा भरवसा नाही.

आता आमच्या घरातलं खरं संकट. सांताला पत्ता काय द्यायचा, हा प्रश्न आठ वर्षांच्या धाकटीनं नोव्हेंबरातच काढला होता. शेवटी तिनं नकाशावरून या कॅम्पसाइटचे अक्षांश-रेखांश काढले, दशांशचिन्हानंतर चार आकडे, आणि स्केचपेननं ठळक लिहून कागद पुढच्या काचेला आतून चिकटवला. चार आकडे म्हणजे साधारण 11 मीटरचा फरक, असं थोरल्यानं शोधून काढलं. आमची व्हॅन सहा मीटरची. ‘म्हणजे चुकला तर शेजारच्यांच्या तंबूत,’ हे वर. त्यावरून आधीच एक भांडण होऊन गेलेलं, आणि आता तर जागाच हातची गेली.

चाळीसेक किलोमीटरवर तळ्याकाठी एक पार्किंग मिळालं. रात्री थांबायला परवानगी, बाकी वीज नाही, नळ नाही. धाकटीनं टॉर्चच्या उजेडात जुने आकडे खोडून नवे लिहिले. तोवर कोणी जेवायला बसलं नाही.

आमचा सगळा बेत विजेच्या भरवशावर होता. केकसाठी आणलेला छोटा ओव्हन 1500 वॅटचा. 12 व्होल्टच्या बॅटरीतून तो चालवायचा तर सव्वाशे अँपिअरच्या वर ओढणार, म्हणजे विषय संपला. टपावरच्या सोलरकडून डिसेंबरात फार आशा धरू नका. उत्तर गोलार्धात हे वर्षातले सर्वांत लहान दिवस, ऊनही तिरपं. दिव्यांची माळ मात्र यूएसबीवरची घ्या, दोन-तीन वॅटमध्ये भागतं. ती कपाटाच्या दारावर झाडाच्या आकारात चिकटवली की झालं झाड. खरं झाड आम्ही एकदाच आणलं होतं. हीटरच्या उबेनं त्याच्या सुया गळल्या आणि पुढे जूनपर्यंत ड्रॉवरच्या खाचांतून निघत होत्या.

25 ला सकाळी शेगडी पेटेना. बाहेर उणे चार, आणि सिलिंडर हलवला तर अर्धा भरलेला! ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे 42 पर्यंत चालतो. मिश्र गॅसमधला प्रोपेन आधी संपत जातो आणि तळाला बराचसा ब्युटेन उरतो, तेच झालं होतं. थंडीत जाणार असाल तर निव्वळ प्रोपेनच घ्या. सिलिंडर शेकायचा अचाट प्रयोग करू नका. आमचा हीटर डिझेलवरचा म्हणून निभावलं. ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून बसणं तर जिवावरचा खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म व्हॅनमध्ये हवाच. शिवाय एक किलो गॅस जळला की जवळपास दीड लीटर पाणी वाफ होऊन आतच राहतं आणि गाद्या ओल्या होतात. स्वयंपाक करताना वरची झडप थोडी उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.

म्हणून सकाळी ब्रेड-जॅम, आणि जेवण दुपारी ऊन आल्यावर.

गोठा मात्र दरवर्षी तोच. मातीच्या सात मूर्ती, मोज्यांत गुंडाळलेल्या. खाचखळग्यांत एका मेंढराचा पाय तुटला, तेव्हापासून ते बसलेलं मेंढरू आहे. बाळ येशूची मूर्ती 24 च्या रात्रीपर्यंत खोक्यातच ठेवायची, ही धाकटीची सक्ती. बाकी सजावट दर मुक्कामाला बदलते आणि पोरांना तिचं काही वाटत नाही. एवढा एक खोका विसरलो असतो तर मात्र परत फिरावं लागलं असतं. भेटवस्तूंचा नियम नवऱ्याचा: गाडीत जिला कायमची जागा नाही ती वस्तू घ्यायची नाही.

मध्यरात्रीची उपासना दर ठिकाणी मध्यरात्रीच असते असं नाही. गावात शिरल्याशिरल्या चर्चच्या दारावरचा फलक बघून ठेवा. आमची रात्री दहाला होती. चिखलाच्या बुटांनी गेलो, मागच्या बाकावर जागा मिळाली.

आजीचं पार्सल वेळेत आलं नाही. फिरत्या माणसांना पार्सल मागवायचंच असेल तर पुढच्या, निदान आठवडाभराच्या मुक्कामावर मागवा, आणि तिथल्या माणसाला आधी विचारा. आमचं 2 जानेवारीला हातात पडलं. मग पूर्वेकडचे ज्ञानी बाळाच्या भेटीला आले तो सण 6 जानेवारीला असतो, म्हणून तोपर्यंत पार्सलचा खोका कपाटावर तसाच ठेवला. चार दिवस पोरांनी तो हलवून हलवून बघितला.

काचेवरच्या कागदावर आता तिसरी ओळ आहे. असलं काही लावणार असाल तर मास्किंग टेप वापरा. आमच्या पारदर्शक टेपचा चिकटा काचेवरून अजून निघालेला नाही.