चौथऱ्यावरचा रणगाडा चालू होईल काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर हा प्रश्न मी हसून टाळतो.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं लहानसं मशीनशॉप आहे. लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) बसवणं, बोअर मारणं, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) घासणं ही वडिलांपासूनची कामं. त्यात मला जुन्या लष्करी जीपा उठवायचा नाद. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, घरटी कोणीतरी फौजेत. त्यामुळे रिटायर झालेले सुभेदार काका चहाचा ग्लास खाली ठेवता ठेवता हमखास विचारतात, "जीप उठवलास, आता चौथऱ्यावरचा तो रणगाडा उठीवतोस काय रे?"

उठेल की. पण त्यातलं मूळचं किती काढून फेकायचं, ते आधी सांगा.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी विजयंत पाहिला. बरोबरची पोरं तोफेखाली उभी राहून फोटो काढत होती आणि मी मागच्या इंजिनाच्या जाळीत डोकं घालून बसलो होतो. चेन्नईजवळच्या आवडीला बनलेला हा रणगाडा, इंजिन लेलँडचं एल-60. आमच्यासारख्या लायनरवाल्याला वेड लावील असली चीज. सिलिंडर सहा आणि पिस्टन बारा! एकेका उभ्या सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर येतात आणि मधल्या फटीत डिझेल पेटतं. हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. हवा आणि धूर लायनरच्याच भोकांतून, आणि ती भोकं उघडायची-झाकायची पिस्टननंच. क्रँकही दोन, एक वर, एक खाली, गिअरनं बांधलेले. कागदावर फार देखणं. प्रत्यक्षात लायनरला चिरा जायच्या, सीलमधून पाणी गळायचं. पार ब्रिटिशांच्या चीफ्टन रणगाड्यापर्यंत या इंजिनानं लोकांना रडवलंय.

तसला लायनर बेळगावात ओतून मिळेल, पैजेवर सांगतो. पॅटर्नवाला, फाउंड्री, लेथ, सगळं आमच्या गल्लीत. अडेल ते रबरावर. सील, होज, चाकांवरचं रबर वर्षानुवर्षं उन्हापावसात राहून दगड झालेलं असतं. आणि खरी भीती पहिल्या फिरकीची. तेल कधीच खाली उतरलेलं, बेअरिंग कोरडी. रशियन टी-55 रणगाड्याच्या 38.8 लिटरच्या इंजिनाला स्टार्टर मारण्याआधी तेलाचा दाब चढवायला वेगळा विजेचा पंपच दिलाय. चालू गाडीला एवढं, मग बंद पडलेलीचं काय?

माझं शिक्षण झालं ते एका विलीज जीपवर. खानापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ती वीसेक वर्षं उभी होती. चार सिलिंडर, 2.2 लिटर, साधं साइड-व्हॉल्व्हचं इंजिन. शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथाच्या पुढं ती पाहिजे, असा मालकाचा हट्ट, आणि हातात चार दिवस. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, आठ-दहा दिवस मुरू द्यायचं, मग हातानं जरा जरा हलवायचं, हे मला ठाऊक होतं. तरी मी ट्रॅक्टरला दोर बांधला. जीप गिअरमध्ये. आधी मागची चाकं न फिरता मातीत नुसती फरफटली. मग एक हिसका, आणि ‘कट्ट’.

वडिलांनी हेड उतरवलं. गंजानं धरलेली पिस्टनची रिंग तुटून तिचे तुकडे बोअरला ओरबाडत गेले होते. मधल्या भिंतीला चीर. ते काही बोलले नाहीत. तुकडे वेचून काडेपेटीत भरले आणि पेटी माझ्या व्हाइसशेजारी ठेवली. त्या जीपला पुढं दुसरा ब्लॉक बसवला, ती मिरवणुकीतही गेली, पण पुढच्या वर्षी. मालक खूश. मला मात्र ती निम्मी परकी वाटायची.

इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातल्या टायगर 131 या जर्मन टायगर-1 रणगाड्याचंही असंच. ट्युनिशियात एप्रिल 1943 मध्ये ब्रिटिशांनी पकडलेला. 1990 मध्ये प्रदर्शनातून काढून खोलला, तो दुरुस्त होऊन परतला डिसेंबर 2003 मध्ये, आणि त्यानंतरही काम चालूच होतं. मूळचं मायबाख इंजिन आतलं दाखवण्यासाठी कापलेलं होतं, म्हणून टायगर-2 रणगाड्याचं बसवलं. आज जगात चालता टायगर-1 तो एकच, आणि म्हणूनच तो वर्षातून मोजक्या वेळा, थोडाच चालवतात. गिअरचा एखादा दात तुटला तर नवा आणायचा कुठून? तेरा वर्षं घालवून उठवायचं आणि मग जपून बसायचं. मला हा हिशेब पटतो, सुभेदार काकांना पटत नाही. "मग उठीवलास कशाला?" म्हणतात.

सध्या शॉपमध्ये आणखी एक विलीजचं इंजिन आलंय. अकरा दिवस तेलात मुरतंय. रोज सकाळी शटर उघडलं की पहिल्यांदा लांब दांड्याचा पाना क्रँकला लावतो, हाताच्या जोरानं दाबून बघतो, जोर वाढायला लागला की सोडतो. काल काका शेजारी उभे होते. पाना बोटभर सरकला. "लाव की आता बॅटरी!" म्हणाले.

मी प्लगच्या भोकांतून आणखी थोडं तेल सोडलं आणि वर फडकं कोंबलं.