पूर्ण एक मिनिट

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. उसाचा हंगाम ऐन भरात आलेला आणि कृष्णाकाठी सकाळचे आठ वाजले तरी धुकं हटत नव्हतं. कराड तालुक्यातल्या एका गावात मी अकरा वर्षं आशा म्हणून, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका म्हणून काम करते. त्या सकाळी मळ्यातल्या एका घरी नव्या बाळाची चौदाव्या दिवसाची भेट होती. बाळ गुटगुटीत, आई खुशीत, आजीनं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. साडेनऊच्या सुमाराला मी बांधावरनं परत निघाले.

वाटेत ओढ्याच्या अलीकडं ऊसतोड्यांच्या कोप्या आहेत. दसरा-दिवाळी झाली की बीडकडनं टोळी येते, पाचटाच्या नि ताडपत्रीच्या वीस-बावीस कोप्या उभ्या राहतात, आणि मार्च-एप्रिलला त्या रानात नुसत्या चुलींच्या खुणा उरतात. दिवसा तिथं कर्तं माणूस सापडत नाही. पहाटेच्या अंधारातच सगळे फडावर जातात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरनं गाडीत चढवते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतो. मागं राहतात म्हातारी माणसं आणि पोरं.

सात-आठ वर्षांची एक पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाटेतच उभी होती. माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं बघून म्हणाली, "तुमी सुई टोचता का?"

"नाही गं, मी बाळं बघते."

"आमच्यात पण हाय बाळ. परवा झालं. लई बारीक हाय."

"रडतं का चांगलं?"

"काल रडत व्हतं."

मी पुढं काही विचारलं नाही. तिच्या मागोमाग चालायला लागले.

खरं सांगायचं तर ते बाळ माझ्या यादीत नव्हतं. साधारण हजार लोकवस्तीमागं एक आशा असते. त्या हजारांतली प्रत्येक गरोदर बाई, तिची तारीख, तिचं रक्त किती, हे मला रजिस्टर न उघडता सांगता येतं. कोप्यांतली माणसं मात्र इथं येतात तेव्हा त्यांच्या गावच्या यादीतनं सुटलेली असतात आणि आमच्या यादीत आलेली नसतात. मीसुद्धा त्या बांधावरनं दहा वर्षं ये-जा केली आणि आत वाकून बघितलं ते लसीकरणाच्या वेळी, तेवढंच. याचं मला आजही वाईट वाटतं.

कोपीत शिरायला कमरेत वाकावं लागतं. आत चुलीचा धूर होता, एका कडेला ज्वारीचं गाठोडं, आणि गोधडीवर बाळंतीण पडलेली. विशीच्या आसपासची, ओठ पांढरे फटक. तिच्या शेजारी नाही, थोडं लांब, दाराच्या बाजूला लुगड्याच्या तुकड्यात बाळ गुंडाळलेलं होतं. म्हातारी सासू बाळाच्या टाळूवर तेल थापत होती.

"आताच न्हाऊ घातलं बाई," ती म्हणाली. "निवांत पडलंय."

बाळंतपण कोपीतच झालं होतं, रात्रीचं. नाळ नव्या ब्लेडनं कापली होती, पण वर हळद लावलेली. मी हात धुऊन, चोळून गरम करून बाळाच्या पोटाला लावला. पोट गार होतं. तळपाय तर ओल्या मातीला हात लावावा तसे. झोळीत घालून काट्याला अडकवलं, तर काटा लाल पट्ट्यातच थांबला. १ किलो ८५० ग्रॅम. काखेत थर्मामीटर धरला, ९५.२ आलं. एवढ्याशा बाळाला ते फार कमी.

"दूध कधी प्यालं?"

आई पहिल्यांदाच बोलली. "पहाटे तोंडाला लावलं. ओढतच न्हाई ताई. झोपतंय."

आता एक गोष्ट राहिली होती, श्वास मोजायची. त्याबद्दल जरा मागचं सांगितलं पाहिजे.

आमच्या प्रशिक्षणात बाईंनी गडचिरोलीचं सांगितलं होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायका निवडल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या. त्यांना घरी जाऊन बाळ तपासायला शिकवलं. वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, दूध कसं पाजायचं, धोका कसा ओळखायचा. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून या घरभेटी देशभर आशांच्या कामात आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पूर्ण केल्या की आम्हाला अडीचशे रुपये मिळतात. ते ऐकताना मी बारावी झालेली, दोन पोरांची आई, मागच्या बाकावर बसले होते. गडचिरोलीतली पाचवी शिकलेली बाई हे करू शकते तर मी नीट शिकायचंच, असं मनात पक्कं केलं होतं.

बाईंचा एक आग्रह होता. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. अर्ध्या मिनिटाचा दुप्पट करायचा नाही. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ते मध्येच थांबल्यासारखं करतं, मग भराभर घेतं. म्हणून पूर्ण मिनिट, आणि साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट.

हे ठाऊक असूनही दुसऱ्या वर्षी माझ्याकडनं चूक झाली होती. त्या दिवशी लसीकरणाचं सत्र होतं, उशीर झालेला. मी एका बाळाचा श्वास अर्धा मिनिट मोजला, दुप्पट केला, रजिस्टरात लिहिला आणि निघाले. रात्री त्या बाळाची छाती आत ओढायला लागली. बापानं मोटरसायकलवरनं शहरात नेलं म्हणून ते वाचलं. आता ते शाळेत जातं. घरच्यांनी मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही, उलट भेटलं की हसतात. मी मात्र ते पान अजून विसरलेले नाही.

तर त्या कोपीत मी बाळाच्या पोटावरचं फडकं बाजूला केलं, घड्याळ गुडघ्यावर ठेवलं आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. दारात पोरगी उभी होती, तीही गप्प. पोट वर येतं, खाली जातं, तो एक. अर्धा मिनिट झाला तेव्हा सत्तावीस झाले होते. दुप्पट केले असते तर चोपन्न. म्हणजे ठीक. मी मोजत राहिले. पुढच्या अर्ध्या मिनिटात पोट भराभर हलायला लागलं. एकूण त्रेसष्ट. पुन्हा मोजले, सहासष्ट. आणि या खेपेला दुसरंही दिसलं. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता.

गार अंग, ओढत नाही, रडत नाही, श्वास जोरात. आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी फोन लावला. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागेल म्हणाले. पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरना कळवलं, त्या म्हणाल्या, मी पुढं रुग्णालयात सांगून ठेवते, तुम्ही बाळ गरम ठेवा.

मग आईला टेकवून बसवलं. बाळाचं ओलसर लुगडं काढलं, कोरडं पुसलं. डोक्याला घालायला टोपी नव्हती. पोरीनं भावाच्या डोक्यावरची कानटोपी काढून दिली, एका बाजूनं उसवलेली. ती बाळाच्या नाकापर्यंत आली, मग दुमडून बसवली. आईच्या चोळीची बटणं काढून बाळ उभं, तिच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये, कातडीला कातडी लावून ठेवलं. मान एका बाजूला, नाक मोकळं. वरनं पदर आवळून बांधला आणि त्यावर गोधडी.

सासूला ते पटलं नव्हतं. "विटाळशी बाय हाय, अंगाला लेकरू बांधत्यात का?"

"मावशी, नऊ महिने आतच होतं की. अजून त्याला तीच ऊब पाहिजे."

म्हातारी थोडा वेळ बघत राहिली. मग उठून तिनं चूल बाहेर काढायला घेतली, मी धुराबद्दल आधी बोलले होते म्हणून.

आईनं हातानं चीक काढला, मी वाटीत धरला. पिवळा, घट्ट, चमचाभर. थेंब थेंब ओठांवर सोडला. एकदा गिळलं. दुसऱ्यांदा वाट बघावी लागली.

एवढ्यात टोळीचा मुकादम आला. कोणीतरी त्याला फोन केला असणार. "बाई, गाडी भरायची ऱ्हायलीय. हिचा नवरा गेला तर खाडा पडतो. हिची आधीच सुटी चाललीय." मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, एका दिवसाचा खाडासुद्धा अंगावर चढतो, हे मला ठाऊक आहे. तो माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यालाही कारखान्याला ऊस द्यायचा होता.

मी म्हटलं, "दादा, तुम्ही इथं बसा आणि एक मिनिट या बाळाचा श्वास माझ्याबरोबर मोजा."

तो खरंच उकिडवा बसला. मी गोधडी जराशी सरकवली. मिनिट संपायच्या आत त्यानं मान फिरवली आणि पोराला हाक मारली, "जा रे, त्याला फडावरनं घेऊन ये. गाडीवर जा." मग खिशातनं पाचशेची नोट काढून सासूच्या हातात दिली आणि छोट्या वहीत ती लिहून ठेवली.

रुग्णवाहिकेत आई बाळाला तसंच बांधून बसली. बाप समोर, अंगाला पाचटाची कुसळं, हातात काय धरावं ते कळत नसल्यासारखा. जन्मानंतर पहिलं वर्षभर आजारी बाळाचे उपचार, औषधं, येण्याजाण्याची गाडी, सगळं सरकारी दवाखान्यात मोफत असतं, हे मी त्याला तीनदा सांगितलं तरी तो खिसा चाचपत होता. निम्म्या वाटेवर मी थर्मामीटर लावला, ९६.८ झालं होतं. रुग्णालयाच्या दारात ९७.४. नवजात शिशू कक्षातल्या डॉक्टरांनी गोधडी उघडली, कानटोपी बघितली आणि म्हणाले, "हे फार चांगलं केलंत. गार बाळ आणलं असतं तर अवघड होतं." जंतुसंसर्ग झाला होता. बारा दिवस ठेवून घेतलं.

त्या बारा दिवसांत मी दोनदाच जाऊ शकले. बाकी फोन. आई सांगायची, आज नळी काढली, आज दहा ग्रॅम वाढलं. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर. ती मात्र शेर-दोन शेर वाढल्यासारखं सांगायची आणि मीही तसंच ऐकायचे.

आई-बाळ कोपीवर परत आल्यावर भेटींसाठी मी पहाटे जायला लागले. साडेचारला चुली पेटतात, पाचनंतर कोण सापडत नाही. बाप रात्री फडावरनं आला की अंग धुऊन तासभर बाळ छातीशी बांधून बसायचा, म्हणजे बायकोला भाकरी करता यायची. शेजारच्या कोपीतली माणसं हसायची त्याला. तो बसायचाच. बेचाळिसाव्या दिवशी काटा हिरव्या पट्ट्यात गेला, २ किलो ७०० ग्रॅम. पोरगी टाळ्या वाजवत सगळ्या कोप्यांत सांगून आली.

मार्चच्या शेवटी टोळी उठणार होती. मला धाकधूक लागली की हे बाळ पुन्हा कुणाच्याच यादीत नसेल. आम्हा आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना विचारलं, त्यांनी पुढं विचारलं. चौथ्या फोनला त्यांच्या गावच्या आशाताई सापडल्या. मी सगळं सांगितलं, वजनं, तारखा, कुठल्या लसी झाल्या, कुठल्या राहिल्या. पलीकडनं त्या म्हणाल्या, "पाठवा ताई. गाडीतनं उतरतील त्या दिवशीच जाते मी." आणि गेल्याही. चार दिवसांनी फोटो आला. झोळीत बाळ, मागं पत्र्याचं घर, आणि म्हातारी काट्यावरचा आकडा डोळे बारीक करून बघतेय.

त्यानंतर मी रजिस्टरच्या मागच्या पानांवर कोप्यांची वेगळी यादी करायला लागले. टोळी आली की पहिल्याच आठवड्यात एक फेरी. कुणाला दिवस गेलेत, कितवा महिना, कार्ड आहे का, गावची आशा कोण. मुकादमाचा नंबरही लिहून घेते. तोच मुकादम यंदा पुन्हा आलाय. गाड्या उतरल्या त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, "ताई, तीन बायका हायेत पोटुशा. एकीला आठवा चाललाय."

तिच्याकडं उद्या पहाटे जायचंय. घड्याळाचा सेल आजच बदलून आणला.