हरिहरेश्वर ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर (आणि टायर कुठले घ्यावेत)

दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की हा रूट करायचाच असं बरेच जण म्हणतात आणि मग पहिला प्रश्न येतो तो टायरचा. तर रूट आणि टायर दोन्हीबद्दल एकत्रच लिहितो, कारण इथे ते वेगळे काढताच येत नाहीत. रूट असा: हरिहरेश्वर, बागमांडला, फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, मग बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरुड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ, परत फेरीबोटीने धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिसरी फेरीबोट, जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी.

नकाशात किनाऱ्याचा रस्ता दिसतो म्हणून सपाट असेल असं समजू नका. प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि पलीकडे परत सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) चढायचं, दिवसभर हेच. आणि चढ लांब नसतात पण उभे असतात, डबल बॅग लावून चढताना दात ओठ खावे लागतात. रस्ता म्हणाल तर थोडा नवाकोरा डांबरी, मग अचानक खडी उखडलेला, मग रुंदीकरण चाललंय म्हणून नुसता मुरूम, गावात शिरलं की जांभ्याच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाणारा अरुंद रस्ता त्यावर सुपारीची झावळं पडलेली. एका तासात हे सगळं येऊन जातं.

मी ७०० बाय ४२ चे स्लिक लावले होते, म्हणजे ४२ मिलिमीटर रुंद, नक्षी नसलेले गुळगुळीत टायर, फोल्डिंग बीडचे (रिमवर बसणारी कड तारेची नसते, म्हणून टायरची घडी होते), पातळ साइडवॉलवाले, म्हणजे बाजूची भिंत पातळ. सोबतच्या मित्राकडे एमटीबी (डोंगरी सायकल) आणि त्याला जाड गोट्यांचे, म्हणजे उठावदार नक्षीचे टायर. डांबरावर त्याच्या टायरचा घूं घूं आवाज मागून येत राहायचा आणि तो आवाज म्हणजे त्याचीच ताकद वाया जात होती, गोटी जमिनीला टेकली की वाकते, सुटली की सरळ होते, आणि हे दर फेरीला. जाड रबर आणि जाड पंक्चर पट्टीवाल्या टायरचंही तेच, टायर जितका कडक तितका तो दाबताना आणि सोडताना ऊर्जा खातो. म्हणून नुसतं रुंद घेऊन भागत नाही, रुंद आणि लवचीक पाहिजे. हायब्रिडला (रोड सायकल आणि एमटीबीच्या मधली सायकल) कंपनीतून येतात ते तारेच्या बीडचे टायर एकेक सहासातशे ग्रॅमचे असू शकतात, चांगला हलका ४२ साडेचारशेच्या आसपास मिळतो. चढावर फरक जाणवतो, पण खरं सांगू का, वजनापेक्षा लवचीकपणाच जास्त जाणवतो.

आता "नक्षी नाही तर मातीत घसरणार नाही का" हा प्रश्न. गुहागरच्या अलीकडे एका पंक्चरवाल्या काकांनी तर टायरवरून हात फिरवून सांगितलं, "पार गुळगुळीत झालाय हो, बदला आता, कुठेतरी पडाल." त्यांना नवा आहे म्हणून सांगितलं तर विश्वास बसेना. पण जांभ्याची कडक वाट स्वतःच इतकी खरखरीत असते की मऊ रबर तिच्यात बसतं, गोट्यांची गरज पडत नाही. सुट्या खडीवर खडीच सरकते, तिथे गोट्या काय धरणार? ओल्या डांबरावर कारसारखी सायकल पाण्यावर तरंगत नाही, टायर अरुंद आणि गोल असतो, आपला स्पीडही तेवढा नसतो. चिखल मात्र वेगळा, चिखलात स्लिक साफ फेल. आणि शेवाळलेली पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) असेल तर कुठलाही टायर असू दे, उतरून चाला. फेरीबोटीचा लोखंडी रॅम्पसुद्धा तसाच, समुद्राचं पाणी आणि गाड्यांचं ऑइल एकत्र झालेलं असतं, तिथे सायकल हातात धरूनच चढा-उतरा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हवा. लोक रुंद टायर घेतात आणि त्यात ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात, मग म्हणतात काही फरक नाही. माझं वजन पंचाहत्तरच्या आसपास अधिक बॅगा, तर मागे ४५ आणि पुढे ४० ठेवली, खराब पट्ट्यात दोन्हीकडे पाच-पाच कमी. हर्ण्याच्या पुढे उखडलेल्या खडीवर हे केलं आणि हँडलवरचे हात बधिर व्हायचे थांबले. फार कमी केली तर खड्ड्यात रिमला ट्यूब चिमटते आणि सापाने डसल्यासारखी दोन भोकं पडतात, तेव्हा दोनतीन पीएसआयच्या टप्प्याने आपापलं शोधा. वाटेत गाड्यांच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरने भरत असाल तर गेज आपलं स्वतःचं ठेवा, भरताना क्षणात डबल होते. प्रेस्टा व्हॉल्व (बारीक, टोकाला स्क्रू असलेला) असेल तर पितळी ॲडाप्टर खिशात हवाच.

घेण्याआधी फ्रेम मोजा. फोर्क आणि मागच्या चेनस्टेजवळ (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) टायरच्या दोन्ही बाजूंना निदान पाच मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, लाल चिखल तिथेच अडकतो. टायरवर ४२-६२२ असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा आपल्या रिमशी जुळला पाहिजे, ६५०बी (७०० पेक्षा छोटं चाक) असेल तर ५८४. जागाच नसेल तर ३५-३८ चा हलका स्लिकसुद्धा चालेल, नुसत्या रुंदीच्या हट्टापायी फ्रेम घासू नका.

पातळ साइडवॉलचा तोटा लपवत नाही. चिऱ्याच्या (जांभ्याच्या कापलेल्या दगडाच्या) तुटक्या कडा धारदार असतात, कडेने घासून जाऊ नका. जुन्या टायरचा बोटभर तुकडा सोबत ठेवा, चिरलं तर आतून लावायला. गावात ७०० चा टायर मिळेल ही आशा सोडा, २८ बाय दीडचा जुन्या सायकलींचा टायर आपल्या रिमवर बसत नाही, पण त्याची ट्यूब अडीअडचणीला चालते, रिमचं भोक मोठं असेल तर. म्हणून फोल्डिंग टायर एक जादा न्या, बॅगेत मावतो. ट्यूबलेस (बिनट्यूबचे टायर) असाल तर सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) निघायच्या आधी तपासा, उन्हाने लवकर सुकतं.

कर्दे-मुरुडला ओहोटीच्या वेळी ओल्या कडक वाळूवर ४२ चा टायर मस्त चालतो, फार मजा येते, पण त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने चेन धुऊन तेल द्या नाहीतर सकाळी गंज. बाणकोटजवळच्या वेळासच्या किनाऱ्यावर मात्र सायकल घालू नका, हिवाळ्यात तिथे कासवं अंडी घालतात.

फेरीबोटी रात्रभर नसतात, शेवटची सुटायची वेळ आदल्या मुक्कामी विचारून घ्या, विशेषतः तवसाळची. चुकली तर मोठा वळसा पडतो आणि तोही चढाचा. रत्नागिरीत ट्रेनने परतणार असाल तर स्टेशन शहरात नाही, कुवारबावला वर आहे, तेव्हा तो शेवटचा चढ हिशेबात धरा आणि सायकल लगेजमध्ये बुक करायला वेळ काढून जा.