आमची वाटचाल : गच्चीवरची बाग

आम्ही मुळात वॉटरप्रूफिंगवाले. पुण्यात स्लॅबची गळती बंद करायची, कोबा घालायचा, एवढंच काम. एका सोसायटीने कोबा झाल्यावर विचारलं, "वर बागही करून द्याल का?" आम्ही हो म्हणालो. विटांचे वाफे बांधले, लाल माती भरली, लॉन अंथरलं. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या काकूंच्या देवघराच्या भिंतीला ओल आली.

माती घमेल्यांनी उपसायला चार गड्यांना तीन दिवस लागले. कठड्याच्या कडेचा वाटा (स्लॅब आणि कठडा जुळतो तिथला सिमेंटचा गोलसर कोपरा) फुटला होता, भेगेत पिंपळ. वर रोप वीतभर, आत मूळ दोन हात. पाणी जायच्या जाळीवर चिखलाचा थर. चूक आमचीच होती. दुरुस्ती आमच्या खर्चाने केली, काकूंची भिंतही रंगवून दिली.

आता आधी वजनाचा हिशेब. १,००० चौरस फुटांवर ४ इंच माती म्हणजे सव्वातीन ब्रासच्या वर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). भिजली की १५ टनांच्या पुढे. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून केलेला असतो, म्हणजे एवढ्या गच्चीला जेमतेम १४ टन. तेवढ्यात नुसती ओली मातीच बसत नाही, माणसं कुठे उभी राहणार? म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. मग ७२ तास पाणी साठवून गळती तपासायची, त्यावर मुळं अडवणारा थर, निचऱ्याची शीट, आणि वर कोकोपीट-कंपोस्टचं हलकं मिश्रण.

फायदा खरा आहे. मे महिन्यात दुपारी उघड्या कोब्यावर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि वरच्या मजल्यावर रात्रीसुद्धा पंखा गरम हवा फेकतो. हिरव्या गच्चीखाली हा त्रास स्पष्ट कमी होतो. पावसाचं पाणीही लगेच गटारात धावत नाही. पण त्याच मे महिन्यात झाडांना पाणी लागतं, आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत लॉन लावणं मला पटत नाही. तिथे कोरफड, घायपात, चिनी गुलाब.

सगळ्यात अवघड प्रश्न माणसांचा. गारवा वरच्या मजल्याला, गळतीची भीतीही त्यालाच, खर्च मात्र सगळ्यांचा. देखभाल कोणाकडे, हे मीटिंगमध्ये लिहून घेतल्यावरच आम्ही पहिलं पोतं वर चढवतो. स्लॅब जुना असेल तर सरळ पांढरा उष्णतारोधक रंग सुचवतो. काकूंच्या गच्चीवर तोच दिला आहे, आणि कडेने, बीमच्या रेषेत, कुंड्यांमध्ये गोकर्ण.