एक किलोचा लॅपटॉप आणि सोलापूरचं ऊन

लॅपटॉपचं वजन कमी झालं म्हणजे आतून काहीतरी काढलेलं असतं. कधी पंखा, कधी रॅमचा स्लॉट, कधी निम्मी बॅटरी, कधी दोन पोर्ट. दुकानात हलकं मशीन हातात घेतलं की बरं वाटतं, पण आतून काय गेलंय ते खोक्यावर छापलेलं नसतं. मोठ्या लॅपटॉपमध्ये अंदाज चुकला तर 'पुढच्या वर्षी रॅम टाकू' म्हणता येतं. छोट्यात खरेदीच्या दिवशी जे ठरलं ते शेवटपर्यंत.

तरी त्याची ओढ खोटी नाही. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन रात्री परतणारा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत या कारखान्यातून त्या कारखान्यात ऑडिटला फिरणारा सीएच्या ऑफिसातला आर्टिकल (शिकाऊ), केगावला विद्यापीठात जाणारी मुलं, यांच्या पाठीला हा फरक रोज कळतो. १५.६ इंची लॅपटॉप दीड ते सव्वादोन किलोच्या घरात असतो, वर पाव ते अर्ध्या किलोचा चार्जर. ११ ते १३ इंची मशीन एक ते सव्वा किलोचं आणि चार्जर फोनच्या चार्जरएवढा. ओझं बरंच हलकं होतं. रेल्वेच्या सीटमागच्या ट्रेवर मोठा लॅपटॉप उघडला आणि पुढच्याने पाठ मागे टेकवली की स्क्रीन अर्धी मिटते. अकरा इंचीला तो त्रास नाही.

ही हौस जुनी आहे. २००७ मध्ये आसूसचा ई पीसी ७०१ आला तेव्हा स्क्रीन ७ इंची, ८०० बाय ४८० ची, रॅम ५१२ एमबी, साठवण ४ जीबी आणि वजन एक किलोच्या आत. पुढच्या वर्षी इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर आला आणि नेटबुकांची, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपची, लाटच आली. लोकांनी त्यावर फोटोशॉप टाकलं, मग नेटबुक वाईट ठरलं. आज तीच जागा इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरच्या, म्हणजे सेलेरॉन एन४०२०, एन४५०० आणि त्यांच्यापेक्षा बऱ्याच दमदार एन१०० वाल्या अकरा-बारा इंची मशीननी घेतली आहे. २०२३ चं ९९० ग्रॅमचं जिओबुकही याच गल्लीतलं. दुसऱ्या टोकाला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची महागडी हलकी मशीन आहेत. त्यांचं बरंचसं वजन धातू आणि रचना बदलून कमी केलेलं असतं, म्हणून त्यांत कामाचं नुकसान कमी आणि खिशाचं जास्त. पुढचं बहुतेक स्वस्त जातीबद्दल आहे, पण उष्णतेचा भाग दोघांनाही लागू.

मे महिन्यात इथं पारा ४२-४३ वर असतो, पत्र्याखाली त्याच्याही वर. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप वापरण्याची मर्यादा ३५ अंश सांगतात. अ‍ॅपल तर १० ते ३५ असं स्पष्ट लिहितं. पंखा नसलेल्या मशीनमध्ये चिपची उष्णता एका पातळ धातूच्या पत्र्यातून बॉडीत जाते आणि बॉडीतून हवेत. ती किती वेगाने जाणार हे बॉडी आणि खोलीच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा बॉडी ४५ अंशापर्यंत तापू द्यायची असं कंपनीने ठरवलंय. खोली २५ अंशावर असेल तर २० अंशांचा फरक मिळतो. खोली ४१ वर गेली की उरतात ४. म्हणजे त्याच पत्र्यातून साधारण एक पंचमांश उष्णता बाहेर जाणार. चिप ६ वॉटची असली तरी फर्मवेअर (मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर) तिला तेवढे घेऊ देत नाही, वेग खाली ओढतं.

याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. सकाळी एक्सेलची फाइल झटकन उघडते. दुपारी तीनला त्याच मशीनवर व्हिडिओ कॉल अडखळतो आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग १ गिगाहर्ट्झच्या आसपास किंवा खाली दिसतो. याचा व्हायरसशी संबंध नाही. लोक दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणतात, दोन दिवस बरं चालतं, कारण ते दोन दिवस नेमके ढगाळ असतात.

उपाय साधे आहेत. पंखा नसलेलं, खालून धातूचं मशीन असेल तर दुपारी ते थेट शहाबादी फरशीवर ठेवा. फरशी उष्णता ओढून घेते. खालचं झाकण प्लॅस्टिकचं असेल तर फारसा फरक पडणार नाही. गादीवर किंवा चादरीवर तर अजिबात नको. सोलापुरी चादरीची कीर्ती मोठी, पण लॅपटॉपखाली ती त्याला घाम फोडते. एअर कूलरचा झोत सरळ मशीनवर घेऊ नका, त्यातून येणारा ओलावा कीबोर्डात जातो. फ्रिजमध्ये ठेवण्याचा उद्योग काही जण खरोखर करतात. बाहेर काढल्यावर आत पाणी सुटतं आणि बोर्ड जातो. चार्जिंग शक्यतो सकाळी उरकून घ्या, कारण चार्ज होताना बॅटरीही तापते, आणि ती उष्णता चिपच्या वाट्यातूनच जाते.

बॅटरीला उष्णता आणि शंभर टक्के चार्ज हे दोन्ही एकत्र सोसत नाहीत. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर उन्हाळाभर चालू ठेवा. लॅपटॉप स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत सोडू नका. टचपॅड वर उचललेला वाटला, झाकण नीट मिटेना झालं, तर बॅटरी फुगली आहे. त्या दिवसापासून चार्ज करणं बंद, दाबून बसवणं बंद, आणि ती बदलून घ्या.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. नव्या विंडोज लॅपटॉपचं 'स्लीप' म्हणजे पूर्ण झोप नव्हे. मशीन मधूनमधून जागं होऊन मेल, अपडेट बघतं. बंद सॅकमध्ये ते तसंच तापत राहतं आणि पुण्यात बॅग उघडेपर्यंत बॅटरी निम्मी झालेली असते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांत जाऊन झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' होईल असं करा. उठायला थोडा जास्त वेळ लागेल, चालतंय की.

मग पंखेवालं घ्यावं का? इथं सोलापूरचा दुसरा मुद्दा येतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाचा तंतू हवेत असतोच. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात रोज उघडणाऱ्या पंख्याच्या लॅपटॉपमध्ये हा तंतू पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये साचतो आणि त्याची नमद्यासारखी गादी तयार होते. बाहेरून काहीच दिसत नाही. नुसता डेस्कटॉप उघडा असताना पंखा जोरात फिरू लागला, पण बाहेर येणारी हवा मंद असली, की जाळी बुजली समजा. बाहेरून ब्लोअर मारला तर ती गादी आणखी आत बसते. खालचं झाकण काढून, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवून, पंख्याचं पातं काडीने अडवून मग जाळी मोकळी करायची. पातं मोकळं ठेवून हवा मारली तर पंखा प्रमाणाबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं. शेडमध्ये काम असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी हे करावं लागतं.

म्हणून माझं मत असं: शेडमध्ये फिरणाऱ्याने बिनपंख्याचं घ्यावं आणि दुपारचा मंदपणा सोसावा, तंतूने गुदमरण्याची भीती तरी नाही. बंद ऑफिसात एसीखाली बसणाऱ्याने पंख्याचं. उलटं केलं की दोघंही वैतागतात.

आता रॅम आणि साठवण. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त फोनमध्ये असते तशी साठवण) ही जोडी अजून विकली जाते, कारण विंडोज ११ ची किमान अट नेमकी तेवढीच आहे. किमान अट म्हणजे चालू होतं, इतकंच. ६४ मधले हातात येतात साठच्या आत, विंडोज आणि त्याच्या राखीव जागा गेल्यावर तीसच्या आसपास. मोठ्या अपडेटला कधी दहा, कधी वीस जीबी रिकामी लागते, ती नसली की अपडेट अर्ध्यात फसून पुन्हापुन्हा डाउनलोड होतं, आणि मशीन कायम 'कशात तरी गुंतलेलं' असतं. रॅम अपुरी पडली की विंडोज साठवणीवर लिहू लागतं, आणि ईएमएमसी लिहिण्यात मंद. ही दोन दुखणी एकमेकांना वाढवतात. ८ जीबी आणि खरी एसएसडी, शक्यतो बदलता येणारी एम.२, याच्या खाली विंडोजसाठी जाऊ नका. ४ जीबीचं मशीन हातात असेलच तर त्यावर हलकं लिनक्स टाका. ब्राउझर आणि लिबरऑफिस सुखाने चालतं.

रॅम सोल्डर केलेली आहे का ते दुकानातच कळतं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' असं आलं तर रॅम बोर्डावर चिकटलेली आहे, 'एसओडीआयएमएम' आलं तर बहुधा स्लॉट आहे.

मराठी टाइप करणाऱ्यांनी कीबोर्ड विशेष बघावा, आणि हे परीक्षणाच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. इंग्रजी अक्षरांच्या कळा अकरा इंचीतही बऱ्यापैकी पूर्ण मापाच्या देतात; जागा वाचवतात ती उजव्या कडेच्या विरामचिन्हांच्या कळांत. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत) 'च' अर्धविरामाच्या कळीवर, 'ट' अवतरणचिन्हाच्या, 'ड' चौकटी कंसाच्या, 'ऑ'ची मात्रा बॅकस्लॅशच्या आणि 'य' स्लॅशच्या कळीवर. 'च' आणि 'य' शिवाय मराठीचं एक वाक्य पुरं होत नाही. त्या कळा निम्म्या रुंदीच्या असल्या की दर ओळीत करंगळी चुकते. सात-आठ इंची मशीनवर तर यातल्या काही कळा खालच्या रांगेत किंवा एफएन दाबून मिळतात. ते इनस्क्रिप्टसाठी बाद. फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी, लिहिणाऱ्यांना हा त्रास नाही. दुकानात 'चटचट ऑर्डर द्यायची नाही' हे वाक्य पाच वेळा टाइप करून बघा, निकाल लागतो.

स्क्रीनचंही तसंच. १३६६ बाय ७६८ च्या अकरा इंचीवर रफार-उकार बारीक दिसतात, म्हणून आपण आकार १२५ टक्के करतो. मग जागा उरते १०९३ बाय ६१४ एवढी. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे ओळी आधीच उंच. ब्राउझरच्या पट्ट्या वजा जाता मजकुराच्या मोजक्या ओळी दिसतात. १६ बाय १० ची उभट स्क्रीन मिळाली तर इंचभर लहान असली तरी घ्या.

व्यापाऱ्यांसाठी एक इशारा. टॅली, जीएसटीसाठीचं डिजिटल सहीचं टोकन, जॅकार्डच्या डिझाइनचं डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर, ही मुख्यतः विंडोजची पिलावळ. क्रोमबुक किंवा जिओबुकवर ती चालणार नाहीत. स्नॅपड्रॅगनवाल्या (फोनसारख्या आर्म जातीच्या चिपच्या) विंडोजवर टॅली चालेलही, पण टोकन, डोंगल आणि जुन्या प्रिंटरला आर्मसाठीचा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो कंपनीने काढलाच नसेल तर उपाय नाही. विंडोज 'एस मोड'मध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप चालतात असं) असेल तर घाबरू नका, सेटिंगमधून फुकट बाहेर पडता येतं. परत आत मात्र जाता येत नाही.

बॅटरीचे तास खोक्यावरचे मानू नका, वॉट-तास बघा. ३८ वॉट-तासांची बॅटरी आणि ब्राउझिंग-टायपिंगला ७ वॉट खर्च धरला तर पाच-साडेपाच तास. उन्हात ब्राइटनेस पूर्ण केला की चारवर. चार्जर टाइप-सीचा आणि पीडीवर (टाइप-सीच्या जलद चार्जिंगच्या पद्धतीवर) चालणारा हवा. काही स्वस्त मशीनना १२ व्होल्टचा बारीक गोल पिनचा चार्जर येतो; तो मोडला की जोड शोधत फिरावं लागतं. पॉवरबँक घेताना २० व्होल्ट देते का ते बघा. फोनसाठीची बहुतेक ९ किंवा १२ व्होल्टवर थांबते आणि लॅपटॉप तिला जुमानत नाही. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-तास, तूट वजा जाता ५५-६०; वरची बॅटरी दीड वेळा भरेल.

त्याच पैशात कंपन्यांतून निघालेलं जुनं साडेबारा इंची मशीनही मिळतं, आणि बहुतेकांना मी तेच सुचवतो. थिंकपॅड एक्स२७० मध्ये रॅमचा स्लॉट आहे, बाहेरून काढता येणारी बॅटरी आहे. वजन मात्र सव्वा-दीड किलो. त्याच्यानंतरच्या एक्स२८० मध्ये वजन घटलं आणि रॅम बोर्डाला चिकटली. विंडोज ११ हवं असेल तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची बघा. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. सातव्या पिढीपर्यंतचं लिनक्ससाठी घ्या.

जुनं घेताना विक्रेत्यासमोर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' टाइप करा, अर्थात इंग्रजीत. तयार झालेल्या पानावर बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसते. आजची निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून मागा. मग वीस मिनिटं व्हिडिओ लावून ठेवा, खालून हात लावून बघा, बिजागरी चार वेळा उघडा-मिटा आणि प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह घालून बघा. विक्रेता वीस मिनिटं थांबायला तयार नसेल तर शेजारच्या दुकानात जा.