तुम्ही विचारलंत म्हणून: बाबा राफ्टवर आणि मी वर

एकाहत्तर वर्षांचे वडील, नवरा, भाऊ, वहिनी सगळे कोलोरॅडो नदीत, आणि तू दरीच्या तळाशी, फँटम रँचला उतरून बाहेर कशी काय निघून आलीस? २०१६ च्या सप्टेंबरपासून हे ऐकते आहे. काही जणांना मी सांगितलं की पाय मुरगळला होता. पाय मुरगळला नव्हता. मुरगळलेल्या पायाने ब्राइट एंजलची, नदीपासून दरीच्या काठापर्यंतची वाट चढता येत नाही, हे ती वाट पाहिलेल्या कुणालाही कळेल.

आधी माझी बाजू. ग्रँड कॅन्यनमध्ये फँटम रँचला उतरणं म्हणजे पळून जाणं नव्हे. लीज फेरीला राफ्ट पाण्यात घातल्यापासून साधारण ८८ मैलांवर हे ठिकाण येतं. कितीतरी जण तिथे उतरतात, तर कितीतरी जण वरून चालत येऊन तिथेच राफ्टवर चढतात. आमच्यातली एक मैत्रीण आधीपासून तिथूनच परतणार होती. म्हणजे मी एकटीही नव्हते आणि कुणाचा खोळंबाही केला नाही. पण मला जायचं होतं डायमंड क्रीकपर्यंत, २२६ मैल. मित्राला लॉटरीत परवाना लागला तेव्हा सगळ्यांत आधी होकार मी दिला होता. बाबांना न्यायचा हट्टही माझाच.

आता हॅन्स.

७७ व्या मैलावरचा हा रॅपिड, म्हणजे नदीचा खडकाळ, उसळता टप्पा. ग्लेन कॅन्यन धरणातून विजेच्या गरजेप्रमाणे पाणी कमीजास्त सोडतात, म्हणून नदी रोज चढते, उतरते. त्या सकाळी ती उतरलेली होती आणि हॅन्सच्या तोंडाशी खडक उघडे पडले होते. आम्ही काठावरून पाऊण तास ते पाहत उभे होतो. कुठून शिरायचं, कुठे वळायचं, सगळं ठरलं. आमच्या राफ्टवर वल्ही मारणारा मधे, मी आणि बाबा पुढे. मी उजवीकडे, बाबा डावीकडे.

राफ्ट खडकावर आडवी जाऊन चिकटली. अशा वेळी खडकाकडची बाजू वर उचलली जाते, प्रवाहाकडची दबते आणि तिच्यावरून पाणी आत चढायला लागतं. सगळ्यांनी उचललेल्या बाजूवर झेपावायचं, नाहीतर राफ्ट उलटते. मागून ओरड आली, ‘हाय साइड!’ मी आधीच वरच्या बाजूला होते. बाबा खाली, कमरेपर्यंत पाण्यात. त्यांनी डाव्या हाताने दोर धरला होता आणि उजवा हात माझ्याकडे केला होता. बोटं पसरलेली, तळवा वर. माझा डावा हात मोकळा होता. त्या हाताने मी दोर धरला.

एवढंच. मी हात झिडकारला नाही, निसटलाही नाही. मी तो घेतलाच नाही. उजव्या हाताने धरलेला दोर मी डाव्यानेही धरला, आणि बाबा गेले.

राफ्ट सुटली ती त्यांच्या वजनाशिवाय. पिवळी टोपी दिसली, मग नुसती टोपी दिसली. पाणी दहा-बारा अंशांचं असावं. बाहेर पस्तिशीच्या वर ऊन, पण नदी येते जलाशयाच्या खोलातून, जिथे ऊन पोचत नाही. खाली दोन मैलांवर सॉकडोलेजर हा पुढचा मोठा रॅपिड आहे. त्याच्या आधी ते सापडले पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भावाची राफ्ट खाली थांबलेली होती. त्यांनी बाबांना लाइफ जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून वर ओढलं. पाण्यात तीन-चार मिनिटं गेली असतील.

काठावरच्या काळ्या खडकावर त्यांना पालथं झोपवलं. खडक उन्हाने तापलेला होता. ते दोन्ही तळवे त्यावर दाबून पडून राहिले, दातांवर दात वाजत होते. मी जाऊन बसले. माझ्या दोन्ही तळहातांवर दोराचा पीळ उमटला होता. बाबांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, “तू धरलंस ना नीट? बरं केलंस.”

सगळे म्हणतात, बरोबरच केलंस. आधी स्वतःला सावर, असंच तर शिकवतात. खरं आहे, पहिल्या दिवशी लीज फेरीच्या वाळूत तेच सांगितलं होतं. पण मी दोर धरला तो नियम आठवला म्हणून नव्हे. मला काहीच आठवलं नव्हतं. नियमाच्या आड लपायची सोय नंतर मिळाली, आणि ती मी बरीच वर्षं वापरली.

सॉकडोलेजर मी दुसऱ्या राफ्टवर बसून पार केला. बाबा पुन्हा पुढेच बसले. संध्याकाळी फँटमच्या अलीकडे मुक्काम पडला तेव्हा माझं ठरलं होतं. नवरा म्हणाला, पाण्याची भीती बसली असेल तर मधे बस. पाण्याची भीती नव्हती. बाबांच्या शेजारी बसायची होती. पुढच्या रॅपिडमध्ये त्यांनी पुन्हा हात केला तर? आणि केलाच नाही तर?

पहिल्या रात्री बाबांनी पॉवेलची, होड्यांतून ही दरी पार करणाऱ्या शोधकाची गोष्ट सांगितली होती. १८६९ मध्ये त्याच्या तुकडीतले तिघं पुढच्या रॅपिडचं रूप पाहून नदी सोडून वर चढले आणि मारले गेले. राहिलेले दोनच दिवसांत सुखरूप बाहेर पडले. तेव्हा मी ठामपणे म्हणाले होते, दोन दिवस कळ काढायला हवी होती. आज त्या मुलीशी भांडावंसं वाटतं. बाई, त्यांना कुठे माहीत होतं दोन दिवस उरलेत ते? आणि काय सांगावं, त्यांना वेगळ्याच कशाची भीती वाटत असेल. पण तिचंही पुरतं चुकलं होतं असं म्हणवत नाही. मीही कळ काढू शकले असते.

पहाटे फँटमच्या काठावर उतरलो. सिल्व्हर ब्रिजच्या मधोमध उभं राहिलं की पायांखालच्या जाळीतून नदी दिसते. थोड्या वेळाने आमच्या राफ्ट पुलाखालून निघाल्या. बाबांच्या डोक्यावर भावाची टोपी होती. त्यांनी वर पाहून एक हात उचलला आणि लगेच पुन्हा दोरावर ठेवला.

वर चढायला नऊ तास लागले. तेव्हा इंडियन गार्डन म्हणत ती जागा, २०२२ पासून हवासुपाई गार्डन्स, तिथे झाडाखाली मी बराच वेळ बसून होते. बाकी चढाचं सांगण्यासारखं काही नाही.

नंतर लाव्हा फॉल्स या मोठ्या रॅपिडमध्येही बाबा पुढेच बसले होते, असं भावाने सांगितलं. ‘बरं केलंस’ म्हणताना त्यांना दिसलं होतं का, की ते नुसतंच विचारत होते, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. तुम्ही मला विचारता तसं सहज कुणी त्यांनाही विचारलं असेल, मुलगी मधेच का गेली म्हणून. ते सांगतात, तिचा पाय मुरगळला होता.